मैनाची जागा

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मैनाला हॉस्पिटलातून घरी आणली. गेली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी रिक्षात चढली होती. तापाने कण्हत होती, तरी शेजारणीला टोपल्यांवर फडकं टाकायला सांगून गेली होती. येताना मात्र गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि नवरा काशिराम आणि मुलगा कल्पेश यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलली. पनवेलच्या कोळीवाड्यातली ती गल्ली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. खुर्ची दोनदा भिंतीला घासली. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर बायका उभ्या होत्या. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी नजर वळवली.

"एवरीशी झाली गो," मागून कुणीतरी बोललं.

मैनाने ऐकलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. ती आता काढली होती, पण आवाज काही परत आला नव्हता. आणि मैना म्हणजे मासळी बाजारात दिसायच्या आधी ऐकू येणारी बाई. "ये गो बायो, पापलेट बघून जा" अशी तिची हाक बाहेरच्या रस्त्यावर रिक्षा थांबवायची.

दारात सून निशाने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पायांवर पडताना मैनाला दिसलं. पण गार की गरम ते काही कळलं नाही.

श्रावणात बाजारात गुडघाभर पाणी तुंबलं होतं. त्या पाण्यात मैना अनवाणी उभी राहून बर्फाचे खोके वर चढवत होती आणि तिच्या टाचेला भेग होती. उंदरांच्या मुताचा रोग, लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. आधी ताप आला, मग डोळे पिवळे झाले, मग लघवी बंद झाली, मग छाती भरली आणि मग मशीन. नारळी पुनव गेली, गणपती आले आणि गेले. मैनाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर ती खाटेवरून घर बघत राहिली. उठून बसायचं तर काशिरामने पाठीला हात द्यायचा. उजवं पाऊल ओलं फडकं लोंबावं तसं लोंबायचं. केस उशीवर पुंजक्यांनी राहायचे. भाताला, चहाला, कालवणाला, सगळ्याला लोखंडाची चव. कमरेखाली जखम झाली होती, निजून निजून मांस कुजलं होतं. ती जखम निशा रोज सकाळी धुवायची. मैना भिंतीकडे तोंड करून दात आवळून पडायची आणि निशा पट्टी लावून हात धुवायला मोरीत जायची. लघवीची जाणीव झाली की थांबवणं मैनाच्या हातात नसे. काशिरामने कुठूनतरी मेणकापड आणून अंथरलं होतं. कूस बदलली की ते करकर वाजायचं.

गल्लीत टेम्पो मागे घेताना पी-पी वाजला की ती खाटेची कड घट्ट धरायची. हॉस्पिटलातल्या मशीनचा आवाज तसाच होता. तो थांबला की शेजारच्या खाटेवरचं माणूस झाकून न्यायचे.

काशिराम खाडीत होडी घेऊन जायचा. पण हल्ली भरती-ओहोटी न बघता मधूनच परत यायचा आणि खाटेजवळ उकिडवा बसायचा. एकदा त्याने तिच्या पायांची नखं काढली. जाळं शिवताना लावायचा तो चष्मा लावून, एकेक बोट धरून. कुठं लागलं का म्हणून विचारलं. मैनाने मान हलवली. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भांड्यांच्या आवाजाने तिला जाग आली. नवरात्र संपलं होतं, म्हणजे बाजार भरणार होता. निशाने ड्रेसवर प्लास्टिकचा एप्रन बांधला होता, पायात गमबूट होते. कोपऱ्यातला मैनाचा कोयता तिने फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

निशा बेलपाड्याची. बारावी शिकलेली. तिच्या बापाच्या भातखाचरांवर आता खारघरचे टॉवर उभे होते. लग्नाआधीपासून ती खारघरलाच कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर होती. घरात टोपल्या ओलांडायच्या झाल्या तर नाकाला ओढणी लावायची. मैना तिला हसायची, "मासली खातेस पन मासलीचा वास नको."

"कुठं?" मैनाने कष्टाने विचारलं.

"बाजारात."

"कुनाचे जागेव?"

निशाने पिशवी खांद्याला लावली. "तुमच्याच, आई," ती म्हणाली आणि टेम्पो सुटेल म्हणून निघाली.

दुपारी वेणू आली. बाजारात वेणूचा ओटा मैनाच्या ओट्याला लागून. दोघींनी एकाच छत्रीखाली तीस पावसाळे काढले होते. वेणूने डब्यातून खाडीतल्या निवट्यांचा रस्सा आणला होता. मैनाने चमचा उचलला. हात असा थरथरला की रस्सा छातीवर सांडला. वेणूने चमचा काढून घेतला आणि लहान पोराला भरवतात तसं भरवायला लागली.

"माजे जागेव कोनी बसवली तिला?"

वेणूला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. मग ती रस्सा ढवळत राहिली. "आमीच. पुनव झाली, बोटी सुटल्या, मालाचा ढीग. तुजी जागा रिकामी. पलीकडच्यांनी दोनदा खोके आनून ठेवले तिकडं. मी भांडली, फेकून दिले. पन किती दिवस भांडू? मंग तुजी सून बोलली, मी बसते."

"नुसती बसली?"

"नारल फोडला," वेणू हळूच म्हणाली.

मैनाने डोकं उशीला टेकवलं. त्या ओट्यावर आधी तिची सासू चंद्रावती बसायची. म्हातारी जिवंत होती तोवर मैना कडेला, नाल्याच्या बाजूला. म्हातारी गेली, तिचे दिवस झाले, मग बायकांनी नारळ फोडून मैनाला मधोमध बसवली. बाजारात नारळ फुटायची वेळ ती एकच.

"मी मेली नव्हती, वेणू."

"डॉक्टर बोलला व्हता, मानसं बोलवून घ्या. आमी टेम्पो करून आयलो सगल्या. काचेतून बघितली तुना. पिवली, फुगलेली, तोंडात नली. मी तिकडंच रडून घेतलं गो. सगल्यांनी रडून घेतलं. आता..."

"आता काय?"

"आता तू हायस. बरंच हाय ना ते."

वेणूने आणखी एक चमचा भरवला. मग मैना म्हणाली, "मना बर्फाव ठेवलेली."

"कुठं?"

"तिकडं. हॉस्पिटलात. बर्फाव निजवलेली, हात बांधलेले. गिऱ्हाइकं येत व्हती. कल्ले उचलून बघत व्हती, ताजी हाय काय. आनि तू भाव सांगत व्हतीस माजा."

वेणूला हसू फुटलं. "किती सांगितला?"

"लय कमी."

वेणू आणखी हसली आणि मग मैना हसत नाही हे पाहून एकदम थांबली. राहिलेला रस्सा तिने झाकून ठेवला.

दिवाळीच्या आधी तपासणीला न्यायचं होतं. कल्पेश बंदरावर कंत्राटी कामाला होता, त्याला सुटी मिळाली नाही, म्हणून निशाच घेऊन गेली. बाजारातून आली, अंघोळ केली आणि रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी मैनाला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शिकणाऱ्या मुलामुलींना बोलावलं.

"ह्या बघा. ह्यांची आपण आशा सोडली होती. किडनी, लंग्ज, सगळं गेलं होतं. आणि आज चालत आल्यात."

मैना चालत आली नव्हती, चाकाच्या खुर्चीतून आली होती. पण तेवढं सांगायला लागणारा आवाज तिच्याकडे नव्हता. एका मुलीने वाकून तिच्या गळ्याचा व्रण बघितला. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

"हात कवा थांबल?" मैनाने विचारलं.

"काय म्हणतायत?"

"हात थरथरतो, तो कधी थांबेल विचारतायत," निशाने सांगितलं. "आणि पाय. आणि लघवीचं. आणि रात्री ओरडून उठतात."

"होईल, होईल हळूहळू. मावशी, तुम्ही जिवंत आहात, हे काय कमी आहे का? बॉल दाबायचा, चालायचं. आणि आता ते मासे वगैरे बंद करा. सून आहे ना एवढी चांगली. आराम करा."

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. परतताना रिक्षात निशा बाजूच्या दांड्याला डोकं टेकून झोपली. तिच्या केसांना मासळीचा वास येत होता. मैना त्या वासाकडे तोंड करून बसली.

मात्र तिने चालायला सुरुवात केली. भिंत धरून मोरीपर्यंत, मग दारापर्यंत, मग शेजारच्या दारापर्यंत. लोंबणारा पाय ओढत, थांबत, शिव्या घालत. शिव्यांना आवाज नव्हता, नुसते ओठ हलायचे. काशिरामने तिला रबरी चेंडू आणून दिला होता. तो दाबताना तिला घाम फुटायचा. अशीच एकदा भिंत धरून ती कपाटाशी गेली. थंडीची शाल शोधत होती. खालच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागे, दुकानाच्या पिशवीत तिला एक कोरी हिरवी साडी सापडली. तिच्या आत हिरव्या बांगड्या, खण, कुंकवाची पुडी.

मैना तिथेच जमिनीवर बसली. सवाष्ण गेली की माहेरची साडी येते. तिने कितीतरी जणींना तशी नेसवून पाठवली होती.

काशिराम आला तेव्हा साडी तिच्या मांडीवर होती.

"दीनानाथनी आनलेली," तो म्हणाला. दीनानाथ तिचा धाकटा भाऊ, उरणला राहायचा. "डॉक्टरनी सांगितलं ना सगल्यांना बोलवा, त्या दिवशी."

"तूच फोन केलास त्याला?"

"मीच केला."

"साडी आन बोललास?"

"तसं कोन बोलतंय? रीत हाय, घेऊन आयला बिचारा." काशिरामने टोपी काढली, परत घातली. "परत कशी देनार? फेकूनपन देववत नाय."

भाऊबिजेला मैना तीच साडी नेसली. निशाने निऱ्या धरल्या, पण वर बघितलं नाही. कल्पेश बाहेर जाऊन उभा राहिला. हिरव्या बांगड्या मैनाच्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या, एवढा हात वाळला होता. दीनानाथ मिठाईचा पुडा घेऊन आला, पाटावर बसला आणि बहिणीने निरांजन उचललं तेव्हा कुठे त्याने नीट बघितलं.

"ताये," तो म्हणाला.

"कशी दिसते? तूच आनलेली."

"ताये, तसं नाय गो. मी..."

"रंग चांगला हाय. तुना नेहमीच चांगला रंग कलतो."

ताट थरथरत होतं, निरांजनाची ज्योत इकडून तिकडे पळत होती. निशाने मागून ताटाला हात लावला. मैनाने कोपराने तो झटकला. तेल ताटात सांडलं, पण तिने ओवाळणं पुरं केलं. दीनानाथ जेवायला थांबला नाही. तो गल्लीतून जाताना डोळे पुसत होता, असं शेजारणीने नंतर सांगितलं. मैनाला वाटलं होतं की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट रात्रीच्या जेवणाला कुणाचाच हात चालेना आणि काशिरामने भाताचं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "मी बाजारात येनार."

कल्पेश कामावरून आला होता, पाय धूत होता. "आये, काय गरज हाय? आता आराम कर ना."

"माजी जागा हाय ती."

"आई, तुमाला बसवतपन नाय अजून," निशा म्हणाली. ती बर्फाच्या खोक्याची दोरी सोडवत होती.

मैना तिच्याकडे वळली. "तुना तेच पायजे. मी बसू नये. तू माजे हात बांधलेस. मी बघितली तुना. दिवा व्हता वर, तू वाकलीस आनि हात बांधलेस. मंग जाऊन माजे जागेव बसलीस."

"भास झाला असल तुना," कल्पेश घाईने म्हणाला. "डॉक्टर बोलला, आयसीयूत भास होतात."

"भास नाय," निशा म्हणाली. तिने दोरी खाली टाकली. "मीच बांधले. दोनदा नली खेचून काढलीत तुमी. रक्त आलं. नर्स बोलली, बांधू काय, नायतर मरतील. हा बाहेर पलाला." तिने कल्पेशकडे बोट केलं. "सासरे खाली चहाच्या टपरीव बसलेले. मी तुमचा हात धरला आनि नर्स बांधत गेली. तुमी माझ्याकडं बघत व्हत्या. मना वाटलं, आठवनार नाय."

निशा मैनाच्या समोर येऊन उभी राहिली.

"आनि जागा बोलता? माजीपन जागा व्हती. काउंटर व्हता. लिपस्टिक लावून उभी राहायची. सहा वरसं. आठ दिवसांची सुटी मागितली, त्यांनी दुसरी पोरगी उभी केली." तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांवर कापल्याचे व्रण होते, नखांच्या कडा बर्फाच्या पाण्याने कुजून पांढऱ्या पडल्या होत्या. "हे बघा. पयले दिवशी मी बोंबील साफ करताना ओकली. तुमच्या वेणूनी मना शिव्या घालून शिकवलं. कारिडॉरमधे झोपायचं, तीनला उठून करंजा बंदराव लिलावाला जायचं, दुपारी परत हॉस्पिटल. एक दिवस मी देवाला बोलली, ने यांना आता. तुमचे हाल बघवत नव्हते म्हनून नाय. मना झोप पायजे व्हती."

"निशा!" कल्पेश ओरडला.

"बोलू दे तिला," मैना म्हणाली. "घरात खरं बोलनारी ती एकटीच हाय."

निशाने ओढणीने नाक पुसलं. "या बुधवारी," ती म्हणाली. "बसा तुमचे जागेव. मी कडेला बसते."

बुधवारी टेम्पोच्या पायरीवर मैनाचा पाय चढला नाही. वेणूने आणि निशाने काखेत हात घालून तिला मालाच्या खोक्यासारखी वर घेतली. बाजारात बायका गोळा झाल्या, कुणी तिच्या गालावरून हात फिरवला, कुणी बोटं मोडली. मग माल उतरला आणि सगळ्या आपापल्या ओट्यांकडे पळाल्या. निशाने खोक्यावर उशी ठेवली, जखमेला लागू नये म्हणून. मैना मधोमध बसली. निशा कडेला, नाल्याच्या बाजूला.

गिऱ्हाईक आलं. मैनाने हाक मारली. तिची हाक तिच्याच ओट्यावरून पुढे गेली नाही. समोरून माणसं निशाला विचारत होती, "कोलंबी आहे का गं?", "काल मेसेज केला होता ना, हलवा ठेवलास?" निशाने फोनवरून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती, पैसेही फोनवरच यायचे. मैना मध्ये बसली होती आणि बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं.

प्रधानबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक, वीस वर्षांचं. "अगंबाई, मैना! मला तर कुणीतरी सांगितलं की..." त्यांनी पुढचं गिळलं. "बारीक झालीस गं. आवाजाला काय झालं? बरं, सुरमई आहे का चांगली? निशा, तुकडे तू कर हं, तू पातळ करतेस."

"मी करते," मैना म्हणाली आणि सुरमई ओढली.

कोयता ओळखीचा होता, मूठ तिच्याच हाताने झिजलेली. पहिला घाव बरोबर बसला. दुसऱ्याला हात हलला आणि पातं तिरकं गेलं. तुकडा एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेला. तिसरा घाव काट्यावर अडकला. तिने जोर लावला. प्रधानबाई एक पाऊल मागे सरल्या.

"असू दे, असू दे गं. राहू दे. हात कापशील."

जोर लावताना मैनाला खाली ऊब जाणवली. सुरू झालं होतं. तिने मांड्या आवळल्या, पण मांड्यांत तेवढी ताकदच नव्हती. उशी भिजली, साडी भिजली, ओट्याच्या कडेवरून बारीक धार खाली ओघळायला लागली. प्रधानबाईंच्या चपलांच्या दिशेने.

निशाने बघितलं. पुढच्याच क्षणी ती उभी राहिली आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "सरका, सरका बाई, ओटा धुवायचाय! आई, पाय वर घ्या!" आणि पाण्याची अख्खी बादली तिने ओट्यावर, मासळीवर, मैनाच्या मांडीवर ओतली. रक्त, खवले, पाणी सगळं एकत्र नाल्याकडे वाहिलं. प्रधानबाई हसत चपला झटकत बाजूला झाल्या. मैना कमरेपर्यंत ओली झाली होती आणि बाजारात ओली बाई काही नवी नसते. कुणालाच काही कळलं नाही.

निशाने कोयता तिच्या हातातून घेतला. "राहिलेले तुकडे मी करून देते, प्रधानबाई."

परत येताना मैना टेम्पोत ओल्या साडीतच बसली होती. सुनेने शिवी दिली असती तर तिला शिवी परत देता आली असती. पण त्या बादलीची फेड कशी करायची ते तिला कळत नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिला निशाचा एवढा राग आला होता की काशिरामने चहा पुढे केला तो तिने हाताने लोटून दिला. राग कशाचा, हे तिला सांगता आलं नसतं. निशाने तिची उशी धुऊन पत्र्यावर वाळत घातली आणि त्या दिवसाचं नाव पुन्हा घरात कधी काढलं नाही.

मैनाही गेली नाही. मार्गशीर्ष लागला, बाजार थंडावला. दुपारी कुणी ना कुणी बघायला यायचं. तिला बघून लोकांना देवाची आठवण व्हायची. एक बाई आपल्या आजारी नातवाला घेऊन आली आणि त्याचं डोकं मैनाच्या पायांवर टेकवलं, मरून परत आलेली बाई म्हणून. मैनाने पाय मागे घेतले. काशिरामने एकवीरेला कबूल केलेला बोकड फेडून झाला. कल्पेशने तिच्यासाठी टीव्ही खाटेच्या समोर आणला. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. कुणी तिला काही विचारायचं नाही, मीठ किती घालू म्हणूनसुद्धा नाही. पाय आता चालत होता, काठी घेऊन. हात चेंडू दाबत होता. पण घरात त्या हाताला काम नव्हतं.

वर्षअखेरीला टॉवरमधल्या पार्ट्यांच्या ऑर्डरी आल्या. सोललेली कोलंबी, जेवढी असेल तेवढी. बाजाराच्या मागच्या बाजूला नळाजवळ ज्यांना स्वतःचा ओटा नाही अशा बायका बसून कोलंबी सोलायच्या. गिऱ्हाईक पिशवी घेऊन येतं, त्या डोकं मोडतात, साल काढतात, हातावर जे पडेल ते घेतात. त्यातल्या दोघी तापाने घरी होत्या. निशा रात्री घरी माल आणून सोलत बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली.

"मी येते सोलायला," मैना म्हणाली.

निशा दचकून जागी झाली. "घरीच बसून सोला ना, आई."

"घरात नको. घरात बसवत नाय मना. नलाजवल बसते."

"लोक काय बोलतील? सासूला मागं बसवली."

"लोकांनी रडून घेतलंय," मैना म्हणाली. "आता त्यांचं बोलनं कोन ऐकतंय."

नको म्हणायला निशाने तोंड उघडलं आणि परत मिटलं. समोर कोलंबीचा ढीग होता.

नळाजवळ जनी बसलेली होती. नवरा गेल्यापासून ती तिथेच बसायची. पाठीला बाक आलेला, बोटं मात्र भराभर चालायची. मैनाने काठी भिंतीला लावली आणि पाटावर टेकली. जनीने नजर वर केली.

"इकडंपन आलीस?"

"आले."

"तुजी सून हाय पुढं बसलेली, ती तुना माल देल. मंग मना कोन देनार?"

मैनाने परात ओढली. कोलंबीला कोयत्यासारखा जोर लागत नाही, बोटांची टोकं पुरतात. तिची बोटं सावकाश चालत होती, पण चालत होती. मधूनच हात थरथरायचा, तेव्हा ती तो पाण्यात बुडवून ठेवायची आणि थांबला की परत काढायची. नळाची धार अंगावर उडत होती. इथून पुढचा ओटा पाठमोरा दिसायचा. निशाची पाठ, एप्रनची गाठ, वर-खाली होणारा कोयता. वेणू मधूनच वळून बघायची आणि घाईने मान फिरवायची.

दुपारच्या आत गर्दीचा कळस झाला. निशाच्या समोर माणसांची भिंत उभी होती, फोन वाजत होता, एक जण पापलेटला घासाघीस करत होता, एक जण सुट्टे मागत होता. एका तरुण मुलाने कोलंबीची पिशवी वर धरली.

"हे साफ करून मिळेल ना?"

"मागं नळाजवळ जा," निशा तराजूवरून नजर न काढता म्हणाली. "तिकडे बाई बसलीय, ती देईल सोलून."

मैनाने ते ऐकलं. निशाचा तराजूवरचा हात क्षणभर थांबला. तिने मान अर्धी मागे वळवली, पण समोरून कुणीतरी ओरडलं, "सुरमई कशी दिली?" आणि ती परत पुढे वळली.

मुलगा पाण्यातून पाय उचलत, पँट वर धरत आला. "काकी, जरा लवकर हं. गाडी डबल पार्क आहे."

मैनाने पिशवी घेतली आणि परातीत ओतली. "धागा काढू काय?" तिने विचारलं.

"काय?"

तिने पुन्हा विचारलं. गळ्याच्या शिरा ताणून. नळाच्या आवाजात ते बुडून गेलं. मुलाने कान पुढे केला, मग कंटाळून आजूबाजूला बघायला लागला.

"कोलंबीचा काला धागा काढायचा काय, इचारते ती," जनी मान वर न करता म्हणाली. "तिचा आवाज गेलाय."

"हो हो, काढा," मुलगा म्हणाला आणि फोन बघायला लागला.

मैनाने पहिली कोलंबी उचलली आणि तिचं डोकं मोडलं.